सावली असेल तरच वाट दिसते

एकाच विश्वात घडणाऱ्या कादंबऱ्या म्हटलं की आपण त्याच नायकाच्या पुढच्या भागांची वाट पाहतो. अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन (१९२९–२०१८) यांच्या ‘हेनिश’ कादंबऱ्यांत तसं काही नाही. १९६६ ते २००० या काळात आलेल्या या पुस्तकांत ग्रह बदलतो, माणसं बदलतात, मध्ये शतकं उलटतात. तपशिलांचा मेळही सगळीकडे बसत नाही, आणि ही सलग मालिका नव्हे, असं ले ग्विन स्वतःच सांगत. तरीही दोन-तीन पुस्तकं लागोपाठ वाचली की ती एकमेकांशी बोलताहेत, हे जाणवतं. हा संवाद कशावर उभा आहे, ते एकेक धागा सुटा करून पाहू.

पहिला धागा नात्याचा. हेन ग्रहावरच्या लोकांनी फार प्राचीन काळी अनेक ग्रहांवर वस्त्या केल्या, पृथ्वीवरसुद्धा. पुढे संपर्क तुटला आणि प्रत्येक ठिकाणचा माणूस आपापल्या रीतीने घडत गेला. त्यामुळे या विश्वात भेटणारा परका म्हणजे दुरावलेला भाऊबंद असतो. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा क्रोबर यांनी एका मूळ अमेरिकन जमातीतून एकट्याच उरलेल्या इशीचं चरित्र लिहिलं. परक्या रीतीभातींकडे आदराने पाहण्याचं वळण त्यांच्या घरातच होतं.

दुसरा धागा अंतराचा. या विश्वात माणसांना नेणारं यान प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. प्रवाशाचे काही तास जातात, तेवढ्यात मागे घरी वर्षानुवर्षं सरतात. इतक्या अंतरावरून फौजा पाठवून राज्य चालवणं अवघडच. पण निरोप मात्र क्षणात पोहोचतो, तो ‘अ‍ॅन्सिबल’ या यंत्रामुळे. हा शब्द ले ग्विन यांनी ‘उत्तर देता येण्याजोगं’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून घडवला आणि १९६६च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’मध्ये पहिल्यांदा वापरला. पुढे इतर लेखकांनीही तो उचलला. ग्रहांना जोडणारी खरी गोष्ट संवाद, हा विचार असा या विश्वाच्या नियमातच बसवलेला आहे.

मग संवादाच्या आड काय येतं? प्रत्येक कादंबरी या प्रश्नाची वेगळी बाजू दाखवते.

‘द डिस्पझेस्ड’मध्ये (१९७४) आड येते ती मालकी. अनारेस या रखरखीत ग्रहावर सरकार नाही, खासगी मालमत्ता नाही. तिथल्या भाषेत ‘माझं’ हा शब्द टाळतात. लहान मुलगी बापाला रुमाल देते तेव्हा ‘माझा रुमाल घे’ म्हणत नाही. मी वापरते तो रुमाल तूही वापर, अशा अर्थाचं काही म्हणते. मराठीतही ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणताना मालकीचं क्रियापद लागत नाही, पुस्तक नुसतं आपल्याजवळ असतं. पण इतक्या जपून घडवलेल्या समाजातही लोकमताची भिंत उभी राहते, आणि नायक शेव्हेक या भौतिकशास्त्रज्ञाला ती ओलांडावी लागते. त्याचा कालविषयक सिद्धान्त अ‍ॅन्सिबलचा पाया ठरतो. तो कुणा एका राज्याच्या हाती पडू नये म्हणून शेव्हेक तो सगळ्यांनाच देऊन टाकतो. यंत्र १९६६मध्ये आलं, त्याच्या जन्माची गोष्ट आठ वर्षांनी आली. आणि संवादाचं साधन विकत घेतलेलं नसून दिलेलं आहे, हे तेव्हा कळलं.

‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ (१९७२) व्हिएतनाम युद्धाच्या काळातली. पृथ्वीवरची माणसं एका ग्रहावरची जंगलं तोडताहेत, तिथल्या रहिवाशांना गुलाम करताहेत. अ‍ॅन्सिबलवरून नवे आदेश येतात, पण कॅप्टन डेव्हिडसन ते खरेच मानायला तयार नाही. यंत्र आवाज पोहोचवतं, ऐकायचं काम माणसालाच करावं लागतं.

‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) ऐकण्याची ही कसोटी सर्वांत कठीण होते. गेथेन या थंडगार ग्रहावर गेन्ली आय हा ग्रहांच्या संघाचा दूत एकटाच, निःशस्त्र उतरतो, कारण एकट्या माणसाची भीती वाटत नाही. तिथले लोक महिन्यातले बरेच दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. थोड्या दिवसांपुरते ते दोहोंपैकी एक होतात. गेन्लीची नजर सतत ‘हा की ही’ यातच अडकते. मराठी वाचकाला त्याची अडचण चटकन कळेल, कारण आपल्याला ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यातलं एक निवडल्याशिवाय साधं जाणंही सांगता येत नाही. ले ग्विन यांनी या पात्रांसाठी ‘तो’ वापरलं आणि पुढे त्या निवडीचा स्वतःच फेरविचार केला.

याच कादंबरीत गेन्ली आणि गेथेनवरचाच एस्ट्राव्हेन हिमनदीवरून स्लेज ओढत चालतात. एके दिवशी आभाळ असं दाटतं की उजेड सगळीकडून सारखाच येतो. सावलीच पडत नाही. उजेड भरपूर, पण पुढे सपाट बर्फ आहे की खोल भेग, हे कळत नाही. पाऊल टाकणंच अशक्य होतं. चालायला सावलीही लागते, हे त्या दोघांना तिथे उमगतं. पुढे गेन्ली एस्ट्राव्हेनला यिन-यांगचं चिन्ह काढून दाखवतो. ले ग्विन आयुष्यभर ‘ताओ ते चिंग’ हा प्राचीन चिनी ग्रंथ वाचत आल्या आणि १९९७मध्ये त्यांनी त्याचं इंग्रजी रूपही प्रसिद्ध केलं. उजेड आणि काळोख हे वैरी नव्हेत, एकामुळे दुसरा दिसतो, हा त्या चिन्हामागचा विचार.

या विश्वाची सगळी बांधणी इथे उघडी होते. परका माणूस म्हणजे आपल्या उजेडाला मिळालेली सावली. तो नसेल तर आपली भाषा, आपली मालकी, आपलं स्त्री-पुरुषपण आपल्याला त्या बर्फासारखं सपाट दिसतं, आणि त्यातल्या भेगा लक्षातच येत नाहीत.

वाचायला सुरुवात करायची तर ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ आधी घ्या, मग ‘द डिस्पझेस्ड’. त्यानंतर पुन्हा पहिल्याकडे वळा. गेन्लीच्या सामानात एक अ‍ॅन्सिबल आहे. पहिल्या वाचनात ते नुसतं यंत्र वाटलं असेल. आता त्यामागे सगळं देऊन टाकणारा एक माणूस दिसेल.