प्येरोपान

प्येरोपान : सोआव्हे या पांढऱ्या वाइनच्या उत्पादनाबद्दल प्रसिद्ध असलेली इटलीतील एक कुटुंबसंचलित मद्यशाळा व तिचे द्राक्षमळे. ईशान्य इटलीच्या व्हेनेतो प्रदेशात, व्हेरोना शहराच्या पूर्वेस, सोआव्हे या तटबंदीयुक्त गावी ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेओनील्दो प्येरोपान यांनी तिची स्थापना केली.

सोआव्हे वाइन मुख्यत्वे गार्गानेगा या स्थानिक द्राक्षजातीपासून तयार करतात; तीत त्रेब्ब्यानो दी सोआव्हे या जातीचा रसही मिसळता येतो. गार्गानेगा ही उशिरा पक्व होणारी, जोमदार वाढीची जात असून परंपरेने तिचे वेल मांडवावर चढवितात. वेलीवर घड फार राहू दिल्यास रस पातळ व स्वादहीन होतो. त्यामुळे जमिनीची निवड, छाटणी व घडांची विरळणी यांवर वाइनची प्रत अवलंबून असते.

सोआव्हेचे मूळ क्षेत्र डोंगरउतारांवरील असून १९३१ मध्ये त्याची सीमा निश्चित करण्यात आली. १९६८ मध्ये सोआव्हेला नियंत्रित उगमनामाचा दर्जा मिळाला, तेव्हा लगतच्या सुपीक मैदानी जमिनींचाही तीत अंतर्भाव झाला. उत्पादन व निर्यात वाढली. परंतु स्वस्त व सौम्य वाइन अशीच या नावाची ख्याती झाली. याच काळात संस्थापकाचे नातू लेओनील्दो (नीनो) प्येरोपान यांनी डोंगरउतारांवरील मळे व मर्यादित उत्पादन यांवर भर दिला. १९७१ च्या हंगामापासून त्यांनी काल्व्हारीनो या मळ्यातील द्राक्षांची वाइन मळ्याच्या नावाने स्वतंत्रपणे बाटल्यांत भरण्यास सुरुवात केली. ला रोक्का या मळ्याची वाइन १९७८ पासून निघू लागली.

या दोन वाइनमधील भेद प्रामुख्याने मृदेमुळे व किण्वनपद्धतीमुळे उद्भवतो. काल्व्हारीनोची मृदा बेसाल्टयुक्त ज्वालामुखीजन्य आहे. तेथील गार्गानेगा व त्रेब्ब्यानो यांच्या रसाचे किण्वन सिमेंटच्या टाक्यांत करतात व वाइनला लाकडाचा स्पर्श होऊ देत नाहीत. मध्ययुगीन किल्ल्यानजीकच्या ला रोक्काची मृदा चुनखडीयुक्त चिकणमातीची आहे. तेथील वाइन केवळ गार्गानेगाची असून ती ओकच्या पिंपांत मुरवितात. यांखेरीज, घड काही महिने हवेत सुकवून साखरेचे प्रमाण वाढलेल्या द्राक्षांपासून रेचोतो ही गोड वाइनही येथे तयार होते.

सोआव्हे वाइन ताजीच प्यावी, असा सर्वसाधारण समज होता. मात्र या मळ्यांतील वाइन दहा वर्षांहून अधिक काळ टिकून परिपक्व होते, असे आढळून आले. त्यामुळे गार्गानेगाच्या गुणवत्तेविषयीचे मत बदलण्यास मदत झाली आणि इतर उत्पादकांनीही डोंगरउतारांवरील मळ्यांच्या नावाने वाइन काढण्यास प्रारंभ केला. नीनो प्येरोपान २०१८ मध्ये निधन पावले. त्यानंतर या मद्यशाळेचा कारभार त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे चालविला.