राखेच्या वाटेवर तीन पिढ्या

भारतातून आलेल्या आईला सायकलवर बसवायचं, तर मोटारी नकोत. आम्हाला तशी वाट यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर सापडली: स्कारबरो ते व्हिटबी, सुमारे ३४ किलोमीटरचा 'सिंडर ट्रॅक'. इथली रेल्वे १८८५ साली सुरू झाली आणि १९६५ साली बंद पडली. रुळांखाली खडीऐवजी जळक्या कोळशाची राख होती, म्हणून हे नाव.

आता रूळ नाहीत. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे शेतं. आईने कित्येक वर्षांनी इथे पेडल मारलं. शहरात लेकीला सतत "कडेने चल" म्हणणारी मी, इथे तिला पुढच्या वळणापर्यंत एकटी जाऊ देते. तिला वाट मिळते, मला निवांतपणा.

रॅव्हन्सकारचा चढ मात्र दमवतो: दर ३९ फुटांमागे १ फूट. तिथे खुशाल उतरून चालावं. पावसानंतर चिखल होतो, म्हणून जाड टायर बरे. घोडेस्वार, पायी चालणारे भेटतात; घंटी वाजवून वेग कमी करावा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी व्हिटबी ते रॉबिन हूड्स बे एवढाच टप्पा घ्यावा. रॅव्हन्सकार टळतं आणि एस्क नदीवरचा १३ कमानींचा विटांचा पूलही लागतो. आजी-आजोबांना जरूर न्या.