मुखपृष्ठावरची अफगाण स्त्री

17 नोव्हेंबर 2001. अफगाणिस्तानवर अमेरिकी बॉम्बहल्ले सुरू होऊन सहा आठवडे होत आले होते. राष्ट्राध्यक्षांच्या साप्ताहिक रेडिओ भाषणाच्या वेळी त्या दिवशी माइकसमोर होत्या त्यांच्या पत्नी लॉरा बुश. दहशतवादाविरुद्धची लढाई ही स्त्रियांच्या हक्कांचीही लढाई आहे, असे त्यांनी सांगितले. तालिबानचा जुलूम खराच होता. पण निळा बुरखा आता युद्धाच्या समर्थनार्थ दाखवला जाऊ लागला.

ऑगस्ट 2010 मध्ये ‘टाइम’ने नाक कापलेल्या 18 वर्षांच्या आयेशाचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. आपण अफगाणिस्तान सोडले तर काय होईल, अशा आशयाची ओळ शेजारी होती. आयेशावर हा अत्याचार झाला, तेव्हा अमेरिकी फौजा त्याच देशात होत्या. मुखपृष्ठ मात्र याबद्दल गप्प राहिले, आणि ही चूक किरकोळ नव्हे.

त्याच वर्षी मार्चमध्ये विकिलीक्सने सीआयएचे एक गोपनीय टिपण उघड केले. फ्रान्स आणि जर्मनीत युद्धाला पाठिंबा टिकवायचा, तर अफगाण स्त्रियांना माध्यमांसमोर आणावे, असा सल्ला त्यात होता.

मानवशास्त्रज्ञ लीला अबु-लुघोद यांनी 2002 मध्येच एका निबंधातून या ‘सुटके’च्या भाषेवर बोट ठेवले होते. इतिहास आणि राजकारण बाजूला सारून सगळे खापर संस्कृतीवर फोडले जाते, हा त्यांचा आक्षेप.

फेब्रुवारी 2020 मध्ये दोहा इथे अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. त्यात स्त्रियांच्या हक्कांचा उल्लेखही नव्हता.