गिरमिटाचा कागद

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात दगडी पायऱ्या आहेत. मोजून सोळा. बोटीतून उतरलेला मजूर या पायऱ्या चढून डेपोत यायचा, नाव सांगायचा, नंबर घ्यायचा आणि मग कुठल्यातरी उसाच्या मळ्यावर त्याची रवानगी व्हायची. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय या बेटावर उतरले. काहींना इथूनच पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियन बेटांकडे पाठवलं गेलं. या जागेला 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा यादीत घेतली.

या पाच लाखांत भोजपुरी मुलखातले लोक सर्वाधिक. पण मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसंही होती आणि त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडचे पुष्कळ.

कोकणी माणूस समुद्र ओलांडायला का तयार झाला, याचं उत्तर त्याच्या शेतात सापडतं. भाताची खाचरं थोडी, बाकी सगळी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. त्यात नाचणी आणि वरी पिकवायची आणि जे पिकेल त्यातला अर्धेलीने (निम्मा) किंवा तिर्धेलीने (एक तृतीयांश) ठरलेला वाटा गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या घरी पोचवायचा. एक पावसाळा चुकला की बियाणंही उसनं. या खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत विधेयक मांडलं आणि प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ मध्ये. तोवर कोकणच्या कित्येक पिढ्यांनी मुंबईची नाहीतर परमुलखाची वाट धरली होती.

तिकडे मळेवाल्यांची निकड वेगळी होती. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने तिथल्या गुलामांच्या मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. गुलामांना छदामही दिला नाही. ऊस तोडायला हात तर हवेच होते. म्हणून गुलामगिरी संपण्याच्या तीन महिने आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलास' जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून येऊन पोचले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, शिधा आणि कपडे. 'अ‍ॅग्रीमेंट'चं मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि त्यावर जाणारा गिरमिटिया ठरला. तक्रारी इतक्या आल्या की १८३९ मध्ये सरकारला ही भरती बंद करावी लागली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

मळ्यावर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. याला 'डबल कट' म्हणत. तापाने फणफणलेल्या माणसाचं महिन्याच्या अखेरीस काय उरत असेल, याचा हिशेब वाचकाने करून पाहावा. करार संपवून मोकळ्या झालेल्या मजुरांसाठी १८६७ मध्ये नवा कायदा आला: जवळ फोटो लावलेला पास हवाच, नाहीतर भटक्या म्हणून अटक. त्या निमित्ताने काढलेले फोटो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात जपलेले आहेत. समोर रोखून बघणारा एक चेहरा आणि सोबत नंबर. कित्येक घराण्यांकडे आपल्या मूळ पुरुषाची तेवढीच एक खूण आहे.

तरीही या लोकांनी बरंच काही टिकवलं. तिथली मराठी मंडळी आजही 'झाकरी' नाचतात. कोकणातली जाखडीच ती. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

आज जहाजाऐवजी विमान आहे आणि मळ्याऐवजी आखातातलं बांधकाम. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडातल्या गावागावांतून तरुण तिकडे गेले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आले. केरळलाही मागे टाकून. आकडा मोठा आहे, पण तो फसवा आहे. त्यात अमेरिकेतल्या इंजिनिअरचे डॉलर आणि दुबईतल्या फिटरचे दिरहम एकत्र मोजले जातात. फिटरच्या घरी आलेल्या पैशांतले पहिले काही हप्ते व्हिसासाठी काढलेल्या कर्जात जातात. कर्ज आधी आणि कमाई नंतर, हा क्रम खोताच्या काळापासून बदललेला नाही.

कायदा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (उत्प्रवास तपासणी आवश्यक) अशी नोंद असते आणि आखातात नोकरीला जाताना त्याला सरकारी मंजुरी लागते. एजंटाने तीस हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त फी घ्यायची नाही, असाही नियम आहे. पळवाट मात्र सोपी आहे. माणसाला टुरिस्ट व्हिसावर पाठवलं की ना मंजुरी, ना विमा, ना कुठे नोंद. आणि तिथे पोचल्यावरचा धोका वेगळाच. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. आतली माणसं पहाटेच्या झोपेत होती.

म्हणून घरातलं किंवा वाडीतलं कुणी निघालं असेल, तर तीन गोष्टी त्याच्याकडून करून घ्या. एजंटाचा परवाना सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासा. प्रवासी भारतीय विमा योजनेचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे आणि संरक्षण दहा लाखांचं. तो विमा उतरवा. आणि कराराची एक प्रत, ज्यावर पगाराचा आकडा स्पष्ट वाचता येतो, ती घरच्या कपाटात ठेवून मगच त्याला विमानतळावर सोडायला जा.