सव्वाचार दिवसांचं वर्ष

ऑक्टोबरच्या संध्याकाळी पूर्वेला भाद्रपदांचा मोठा चौकोन वर आलेला असतो. त्यातल्या पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध, चौकोनाच्या किंचित बाहेर, ‘५१ पेगासी’ हा अंधुक तारा आहे. सूर्याच्याच जातीचा, ५० प्रकाशवर्षांवरचा, चारचौघांसारखा. त्याच्याभोवती ग्रह असल्याचं मिशेल मायोर यांनी फ्लोरेन्सच्या परिषदेत ६ ऑक्टोबर १९९५ रोजी जाहीर केलं, त्याला आता तीस वर्षं उलटली.

खरं तर असा ग्रह शोधता येईल, हे ऑटो स्ट्रुव्हे यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं होतं. ताऱ्याला खेटून फिरणारा मोठा ग्रह असायला हरकत काय, हा त्यांचा सवाल. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डोक्यात आपला गुरू होता आणि त्याला एका फेरीला बारा वर्षं लागतात. कॅनडाच्या गटाने तर २१ तारे बारा वर्षं नेटाने पाहिले आणि ऑगस्ट १९९५ मध्ये, गुरूएवढं काही हाती लागलं नाही, असं छापलं. अवघ्या दोन महिन्यांनी फ्लोरेन्स!

मायोर आणि त्यांचा संशोधक विद्यार्थी दिदिए केलोझ जिनिव्हाचे. वेध मात्र फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर दुर्बिणीतून घेतलेले. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित पुढेमागे होतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा तेवढ्याच सरकतात. हा वेग भरला सेकंदाला ५९ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. फेरी ४.२३ दिवसांची. केलोझला आधी स्वतःच्याच आज्ञावलीचा संशय आला, आणि ते साहजिकच होतं. तेवढ्यात तारा सूर्याच्या उजेडात गेला. मग दोघांनी गणित मांडून ठेवलं: जुलैमध्ये तारा पुन्हा दिसू लागेल तेव्हा कोणत्या रात्री वेग किती असेल. जुलैत आकडे जुळले. माझ्या लेखी शोध लागला तो तेव्हा. फ्लोरेन्सला नुसती दवंडी.

कॅलिफोर्नियात जेफ मार्सी आणि पॉल बटलर यांनी काही दिवसांतच दुजोरा दिला. मग त्यांनी स्वतःच्या साठलेल्या नोंदी उपसल्या, तर जानेवारी १९९६ पर्यंत आणखी दोन ग्रह निघाले. १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी शंका काढली, हा ग्रह नसून ताऱ्याचंच स्पंदन असावं. पुढच्याच वर्षी त्यांनी ती मागे घेतली. १९९९ मध्ये असाच दुसरा एक ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना पकडला गेला आणि वाद मिटला.

तरी पहिल्या काही वर्षांनी आपली थोडी फसगतच केली: असे ग्रह सर्रास असतील असं वाटलं. जोरात आणि भराभर ओढणारे ग्रह आधी सापडणार, हे उघड आहे. आज ज्ञात ग्रहांचा आकडा सहा हजारांपुढे गेलाय आणि ताऱ्याला खेटून फिरणारे असे तापलेले गुरू सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत जेमतेम एकाभोवती असतात.

२०१९ मध्ये मायोर-केलोझना नोबेल मिळालं. त्याच वर्षी तारा-ग्रहाच्या अशाच एका जोडीला नाव द्यायचा मान भारताकडे आला. ताऱ्याला वैज्ञानिक बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’, आणि दोन दिवसांत त्याची फेरी मारणाऱ्या ग्रहाला ‘संतमस’. हे दुसरं नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवलेलं.

असे ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ पोचले कसे, यावर मात्र अजून एकमत नाही. ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून हळूहळू आत सरकले, असं काहीजण म्हणतात. इतरांच्या मते शेजारच्या ग्रहांनी त्यांना लंबुळक्या कक्षेत ढकललं आणि ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीने ती कक्षा पुढे गोल झाली. बहुधा दोन्ही घडत असावं.