काचपेटीतली साथ

एप्रिल-मेमध्ये बारामतीजवळच्या भवानीनगरात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हॉलमधल्या दोन फुटी फिश टँकचं पाणीही हाताला कोमट लागायला लागतं. त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. अशाच एखाद्या सकाळी काळी मॉली पर मिटून कोपऱ्यात डुलताना दिसते. संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांभोवती पांढरट थर धरतो, पाठीवर राखाडी पट्टा उमटतो आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन मासे पोट वर करून तरंगत असतात. फोटो काढून बारामतीच्या दुकानदाराला पाठवला की सहसा उत्तर येतं, ‘फंगस आहे, निळं औषध टाका, हीटर लावा.’

या सल्ल्यातलं निदान बऱ्याचदा चुकीचं असतं आणि हीटर तर घातकच. ओठांवरचा तो थर बुरशीचा नसून ‘फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर’ नावाच्या जिवाणूचा असू शकतो. अमेरिकी शास्त्रज्ञ हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी मिसिसिपी नदीतल्या माशांमध्ये पाहिलेल्या या रोगाचं वर्णन 1922 साली प्रसिद्ध केलं. जिवाणू प्रयोगशाळेत वेगळा काढून वाढवायला मात्र पुढे दोन दशकं लागली. जखमेवरचा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर लांबट, बारीक काड्या सरपटत एकत्र येतात आणि कडब्याच्या गंजीसारखे ढीग रचतात. घरी सूक्ष्मदर्शक नसतो, तेव्हा डोळ्यांवरच भिस्त. बुरशीचे धागे कापसासारखे फुगून बाहेर येतात. हा थर चपटा, कातडीला चिकटलेला आणि कडेला पिवळसर असतो. शिवाय बुरशी रेंगाळते, हा रोग उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत टाकी रिकामी करू शकतो.

हीटरचा सल्ला येतो तो ‘इक’ नावाच्या दुसऱ्या रोगावरून. त्यात अंगावर पांढरे ठिपके उठतात, तो परजीवी आहे आणि पाणी तापवल्याने त्याचा बंदोबस्त व्हायला मदत होते. कॉलम्नेअरचं नेमकं उलट. पाणी जितकं गरम, तितका त्याला जोर चढतो. त्यातच 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तो 30 अंशांना साडेसातवर येतो. कल्ल्यांनाच संसर्ग झालेला मासा मग पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. अशा वेळी टाकीचं झाकण काढून पाण्यावर पंख्याचा झोत सोडावा. बर्फाचे खडे टाकण्यापेक्षा गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत ठेवणं बरं, कारण तापमान हळूहळू उतरायला हवं.

आता खुद्द पाण्याकडे. भवानीनगर ज्यात येतं, त्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड होण्याची तक्रार ब्रिटिशकाळापासूनची आहे. विहिरी-बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरी पुटं धरतात, साबणाला फेस येत नाही. माणसं याला सरावलेली असतात. पण बेल्जियममधल्या संशोधकांनी 1999 साली दाखवलं, की क्षारांनी जड झालेल्या पाण्यात हा जिवाणू कल्ल्यांना अधिक घट्ट चिकटतो आणि पाण्यात नायट्राइट किंवा सेंद्रिय घाण असली तर त्याचं आणखी फावतं. म्हणजे भवानीनगरची उन्हाळ्यातली टाकी, तीही खाऊ घालून घालून गढूळ झालेली, या जिवाणूला आयतीच मिळते.

ही घाण येते माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून. तिचा अमोनिया होतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे उपयोगी जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात. पाण्याचा सामू 7 वरून 8 झाला, की अमोनियाच्या विषारी रूपाचं प्रमाण सुमारे नऊ-दहा पट वाढतं. सामू जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात त्यामुळे थोडाही अमोनिया महागात पडतो. आणि घरोघरी होतं काय? मासा मेला की टाकी पूर्ण रिकामी करून खडे, स्पंज सगळं नळाखाली खसाखसा धुतलं जातं. ग्रामपंचायतीच्या टाकीत त्या दिवशी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली असेल, तर स्पंजातले उपयोगी जिवाणू क्लोरिनने मरतात, उरल्यासुरल्या माशांचे कल्ले पोळतात. एवढी मेहनत करून साथ दुप्पट! स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने पिळून.

साथ दिसताच पहिलं काम खाद्य थांबवण्याचं. एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने मोठा मासा मरत नाही. आजारी मासा वेगळ्या टबात, त्याची जाळी वेगळी. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिनचे थेंब टाकलेलं.

मग मीठ. आयोडीन नसलेलं साधं खडेमीठ या रोगात खरोखर उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या संशोधकांच्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाण्यातलं मीठ वाढवलं तशी कॉलम्नेअरने होणारी मरतूक घटली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 ते 50. लिटरला एक ग्रॅम हिशेबाने पहिल्या दिवशी 50 ग्रॅम मीठ तांब्यात विरघळवून थोडं थोडं सोडावं आणि दोन-तीन दिवसांत लिटरला दोन-तीन ग्रॅमपर्यंत न्यावं. मॉली, गप्पी, गोल्डफिश ते सोसतात. टेट्रा आणि कोरिडोरास यांना जपावं लागतं, पाणवनस्पती तर मान टाकतात. उडून गेलेल्या पाण्याची भर बिनमिठाच्या पाण्याने घालायची, कारण मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टाकीत फोडायची हा अनेकांचा हातखंडा उपाय. मुळात ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. शिवाय जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला बांधून टाकतं, औषध माशाच्या अंगात पुरेसं उतरत नाही. पैसे पाण्यात जातात, ते अक्षरशः. वर अर्धवट मात्रेतून टिकून राहिलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. माशाच्या रोगाचं पक्कं निदान करणाऱ्या जागा आहेत, उदाहरणार्थ मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. पण वीस रुपयांच्या गप्पीसाठी तिथवर कोण जाणार, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून तर पाण्याचं गणित घरीच जमवावं लागतं.

एक सवय मात्र आजच सोडावी. टाकीतलं पाणी उपसताना पाइप तोंडाने ओढून धार चालू करणारे बरेच आहेत. ते पाणी तोंडात जाणं वाईटच, पण जखम असलेला उघडा हात टाकीत घालणंही धोक्याचं. माशांमध्ये ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयरोगाच्या जिवाणूचा भाऊबंदही आढळतो; 1926 साली तो फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांतून वेगळा काढण्यात आला. हातावर कापलेलं-खरचटलेलं असेल, तर तो कातडीत शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटांवर, मनगटावर न बऱ्या होणाऱ्या गाठी उठतात. उपचार काही महिने चालतात. अशी गाठ दिसली तर घरात फिश टँक आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, ते विचारतीलच असं नाही.

मेलेला मासा परसात खोल पुरावा. जिवंत पण आजारी मासा ‘जाऊ दे बिचारा’ म्हणत कालव्यात सोडण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. टाकीची काच साफ करायला म्हणून आणलेला सकर मासाही बोटभराचा वीतभर झाला की असाच सोडला जातो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा काटेरी, चिलखती मासा आता उजनीच्या जलाशयात सापडतो. त्याला बाजारात भाव नाही आणि तो अडकला की भीमेकाठच्या मच्छीमारांची जाळी फाटतात.

शेवटचा मासा मेल्यावर किंवा बरा झाल्यावर नवे आणायची घाई होते. दुकानातले मासे बहुधा कोलकाता किंवा चेन्नईकडून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लांबचा प्रवास करून आलेले, दमलेले असतात; रोग अंगात असला तरी तो लगेच दिसत नाही. तीन-चार आठवडे त्यांना वेगळ्या टबात, स्वतःच्या स्पंज फिल्टरवर ठेवावं. आणि ही खरेदी दिवाळीनंतर, पाणी थंडावल्यावर केलेली उत्तम.