परवानाधारी चांचा

वणीच्या कापूसबाजारांतील व्यापाऱ्यास समुद्र परका वाटेल. परंतु माल दुसऱ्याच्या हवालीं केल्यावर झोंप न लागणें हें त्यास परकें नाहीं. त्यानें कप्तान विल्यम किड याची हकीगत अवश्य वाचावी.

चांचे पकडण्याकरितां इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन किड १६९६ सालीं निघाला. भांडवल बड्या उमरावांचें. खलाशांस पगार नाहीं, लुटींतच वांटा. अशा करारानें दरोडेखोर पकडले जातात कीं तयार होतात, हें सुज्ञांनींच सांगावें! १६९७ सालीं तो कारवारास लांकूड-पाणी भरावयास आला, तेव्हां पळालेल्या खलाशांनीं कंपनीच्या वखारवाल्यांस त्याचे बेत कळविले. १६९८ च्या जानेवारींत त्यानें मलबार किनाऱ्याजवळ ‘केदाह मर्चंट’ हें जहाज धरलें. आंत रेशीम, मलमल, साखर, अफू. माल बहुतेक आर्मेनियन सौदागरांचा, कांहीं एका मोगल सरदाराचा.

जहाजापाशीं फ्रेंच दस्तक होतें, म्हणून लूट कायदेशीर, असें किडचें म्हणणें. परंतु १६९५ सालीं बादशाही जहाज ‘गंज-इ-सवाई’ लुटलें गेलें तेव्हां सुरतेच्या इंग्रजांस कैद भोगावी लागली होती. तो धाक ताजा होता. पाठिराख्यांनीं हात झटकले. खटल्यांत दस्तक पुढें आलेंच नाहीं, आणि खून व चांचेगिरी या आरोपांखालीं किड २३ मे १७०१ रोजीं फांशीं गेला. दस्तकें विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या सरकारी दप्तरांत सांपडलीं!

भांडवलवाल्या उमरावांवरहि पार्लमेंटांत आरोप आले खरे. ते निर्दोष सुटले.